त्वचेच्या वाटेने

तान्ह्या बाळाच्या गालांवर खरबरीत, लालसर, ओले चट्टे उठले की घरातलं एखादं वडीलधारं माणूस हमखास बजावतं, "मलमं लावून दाबू नका. बाहेरचं आत गेलं की छातीत बसेल." या बोलण्यात भीती आहे, तसा अनुभवही आहे. अनेक घरांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पहिल्या वर्षी अंगभर इसब असलेलं मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंगाने स्वच्छ होतं आणि त्याच सुमारास रात्री खोकू लागतं, धावलं की त्याची छाती वाजते. पुढे शाळेच्या वयात सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ सुरू होते. चट्टे गेले आणि दमा आला, तेव्हा चट्टेच आत गेले असणार, असं मनाने जुळवलं तर त्यात नवल काही नाही.

निरीक्षण बरोबर आहे. चुकतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष, आणि ती चूक लेकराला महागात पडते. आईवडील औषधाला घाबरतात, जिथे बोटभर मलम हवं तिथे नखभर लावतात, दोन दिवसांत बंद करतात. मूल रात्रभर खाजवत राहतं. ते झोपत नाही, त्याची आई झोपत नाही. खरा धोका नेमका उलट दिशेला आहे, हे गेल्या वीस-बावीस वर्षांच्या संशोधनाने बऱ्याच स्पष्टपणे दाखवलं आहे, आणि ते प्रत्येक घरापर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इसब, दमा आणि शिंकांची सर्दी ही तीन दुखणी एकाच घराण्यात, पुष्कळदा एकाच माणसात आढळतात, हे पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्त बेनिए यांनी १८९२ मध्ये नोंदवलं. १९२३ मध्ये अमेरिकेत आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक यांनी दमा आणि ॲलर्जीची सर्दी यांच्यामागच्या आनुवंशिक कलाला 'ॲटोपी' हे नाव दिलं. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, फ्रेड वाइज आणि मॅरियन सल्झबर्गर यांनी या जातीच्या इसबालाही त्याच कुळात बसवलं आणि 'ॲटोपिक डर्मटायटिस' हे नाव रूढ झालं. पुढे जन्मापासून वर्षानुवर्षं मुलांचा मागोवा घेणारे मोठे अभ्यास झाले आणि त्यांतून एक क्रम दिसू लागला. आधी कातडी, मग अन्नाची ॲलर्जी, मग दमा आणि सरतेशेवटी नाक-डोळे. या क्रमाला वैद्यकात 'ॲटोपिक मार्च' म्हणतात. आपण ॲलर्जीची वाटचाल म्हणू.

वाटचालीची सुरुवात बहुतेक मुलांत पहिल्या वर्षातच होते, तीन ते सहा महिन्यांच्या वयात. आधी गाल, कपाळ, टाळू. मग हातापायांच्या बाहेरच्या बाजू. लंगोटाखालची जागा मात्र सहसा कोरी राहते, कारण तिथे ओल टिकते आणि बाळाचा हात पोचत नाही. मूल दोन वर्षांचं झालं की जागा बदलतात. कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागे, मनगटावर, मानेवर खाज बसते. तिथली कातडी वर्षभर खाजवून खाजवून जाड, राठ होते आणि तिच्यावरच्या रेघा खोल दिसू लागतात. वयात आल्यावर ज्यांचं इसब टिकतं त्यांच्यात ते हातांवर, पापण्यांवर, मानेवर मुक्काम करतं. खाज हे मात्र सगळ्या वयांचं समान लक्षण. खाजत नसेल तर ते बहुधा हे इसब नव्हे.

पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या मुलांची असतात, म्हणून इथे एक गोष्ट सांगायला हवी. सावळ्या कातडीवर लाली लालसर दिसतेच असं नाही. ती जांभळट, राखाडी, कधी नुसतीच जास्त काळपट दिसते. कधी मोठे चट्टे नसून केसांच्या मुळाशी बारीक बारीक पुरळ असतं. इसब बरं होताना मागे फिकट किंवा काळे डाग राहतात आणि काही महिन्यांत आपोआप पुसट होतात. ते डाग पाहून आईवडिलांना वाटतं की दुखणं गेलंच नाही, किंवा मलमानेच कातडी खराब केली. शिवाय आपल्याकडे इसब, नायटा आणि खरूज यांची सरमिसळ नेहमीची. तिन्ही खाजतात, पण नायटा ही बुरशी आहे, खरूज हा किडा आहे आणि इसब यांपैकी काहीच नाही. इसब कुणाला लागत नाही. इसब असलेल्या लेकराला मांडीवर घ्यायला लोक कचरतात, त्या लेकरासाठी तरी हे वाक्य मोठ्याने सांगितलं पाहिजे.

बहुतेकांचं इसब ओसरतं. जर्मनीत १९९० साली पाच शहरांत जन्मलेल्या १,३१४ मुलांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. त्यांतल्या २१.५ टक्के मुलांना पहिल्या दोन वर्षांत इसब झालं होतं. या इसबवाल्या मुलांपैकी ४३ टक्के तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण मोकळी झाली, ३८ टक्क्यांना अधूनमधून त्रास होत राहिला आणि जेमतेम १९ टक्क्यांना सातव्या वर्षापर्यंत दरवर्षी तो झाला. ज्यांचं इसब लहानपणी तीव्र होतं आणि ज्यांच्या रक्तात लवकर अन्नाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, त्यांचं टिकण्याची शक्यता जास्त होती. हे आकडे दिलासा देणारे आहेत. तरी कातडी दिसायला स्वच्छ झाली म्हणजे ती मुळातून बदलली असं नसतं. अशा मुलांची कातडी मोठेपणीही कोरडी, हळवी राहते आणि परीक्षेच्या ताणात किंवा नोकरीत रसायनांशी संबंध आला की पुन्हा कुरकुरते.

आता त्या 'आत जाण्या'च्या प्रश्नाकडे. कातडीचं दुखणं छातीपर्यंत पोचतं कसं?

कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ असतो. त्यात मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत सेरामाइडसारखी स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात. पेशी या विटा आणि ही द्रव्यं म्हणजे त्यांच्यातला चुना, असं समजावं. आतलं पाणी बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं काही आत येऊ नये, हे या भिंतीचं काम. भिंत मजबूत राहण्यासाठी फिलॅग्रिन नावाचं प्रथिन लागतं. ते पेशींच्या आतल्या तंतूंना घट्ट बांधतं, आणि नंतर त्याचेच तुकडे होऊन जे पदार्थ तयार होतात ते कातडीत ओलावा धरून ठेवतात. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन आणि त्यांचे सहकारी माशाच्या खवल्यांसारखी कोरडी कातडी होणाऱ्या इक्थिओसिस व्हल्गॅरिस या आनुवंशिक रोगाचा छडा लावत होते. त्यांना फिलॅग्रिनच्या जनुकातले दोष सापडले. लगेचच, त्याच वर्षी, आणखी मोठी गोष्ट कळली: हेच दोष असलेल्यांना इसब होण्याचं प्रमाण खूप जास्त आहे. युरोपात दहातल्या जवळजवळ एका माणसात असा एखादा दोष असतो. त्याची एक साधी खूण अंगावर दिसते. तळहातावर नेहमीपेक्षा जास्त, ठळक रेषा.

या शोधाने इसबाकडे पाहण्याची रीतच फिरली. तोवर समज असा होता की बिघाड रक्तात आहे, प्रतिकारशक्ती भडकते आणि कातडी बिचारी भाजून निघते. आता कळलं की पुष्कळ मुलांत आधी भिंतच कच्ची असते आणि प्रतिकारशक्ती नंतर भडकते. भडकल्यावर ती आय.एल.-४ आणि आय.एल.-१३ हे संदेशवाहक रेणू सोडते, आणि हे रेणू पुन्हा फिलॅग्रिनचं उत्पादनच कमी करतात. म्हणजे जनुकात दोष नसलेल्या मुलाच्या कातडीतही जळजळ सुरू झाली की फिलॅग्रिन घटतं. खाजवण्याने थर आणखी फाटतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू तिथे वस्ती करतो, त्याची विषद्रव्यं जळजळ वाढवतात. इसब असलेल्या बहुसंख्य मुलांत फिलॅग्रिनच्या जनुकात काहीच दोष सापडत नाही, आणि युरोपात आढळणारे विशिष्ट दोष आशियात फारसे दिसत नाहीत, इथे त्याच जनुकातले वेगळे दोष आहेत. त्यामुळे सगळं इसब एका जनुकाच्या माथी मारता येणार नाही.

पण फिलॅग्रिनने एक पुरावा हाती दिला, आणि तो मला या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा वाटतो. हे दोष असलेल्यांना दम्याचाही धोका जास्त असतो, मात्र ज्यांना इसब झालं होतं त्यांनाच. आता फिलॅग्रिन श्वासनलिकांच्या अस्तरात नसतंच. ते कातडीत असतं, तोंडाच्या आणि नाकपुडीच्या दारापर्यंत असतं, छातीत नाही. ज्या अवयवात ते प्रथिन कधी बनतच नाही, तो अवयव त्या प्रथिनाच्या अभावाने कसा आजारी पडेल? उत्तर एकच संभवतं. बिघाडाची सुरुवात कातडीत होते आणि परिणाम छातीत उमटतो. घरातली वडीलधारी माणसं जे म्हणत होती त्यातलं 'बाहेरून आत' एवढं खरं ठरलं. फक्त आत जातं ते इसब नव्हे. आत जातात घरातल्या धुळीचे, अन्नाचे, जंतूंचे कण, आणि त्यांना वाट मिळते ती उघड्या पडलेल्या, उपचार न केलेल्या कातडीतून.

कातडीत शिरलेला कण दूरच्या अवयवाला कसा चेतवतो, याचं उत्तर १९२१ मधल्या एका धाडसी प्रयोगात आहे. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना माशाची ॲलर्जी होती. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तिथे टरारून गांध उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून वाहून नेता येते. वाहणारा तो पदार्थ कोणता, हे कळायला साडेचार दशकं लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये गुन्नार योहानसन आणि हान्स बेनिश यांनी, तो शोधला. आज त्याला आपण आय.जी.ई. म्हणतो. कातडीत एखाद्या कणाविरुद्ध आय.जी.ई. तयार झालं की ते रक्ताबरोबर सगळीकडे जातं आणि नाकात, श्वासनलिकांत, आतड्यांत मास्ट पेशींवर जाऊन बसतं. पुढे तोच कण श्वासातून किंवा घासातून आला की तिथे भडका उडतो. बॉस्टनमध्ये १९९८ साली उंदरांच्या कातडीवर अंड्यातलं प्रथिन वारंवार लावून नंतर ते हुंगवलं, तेव्हा त्यांच्या श्वासनलिका दम्याच्या रोग्यासारख्या आवळल्या.

माणसांतला पहिला ठोस दुवा शेंगदाण्याने दिला. लंडनचे बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या १३,९७१ मुलांच्या नोंदी तपासल्या. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला झाली? आईने गरोदरपणी शेंगदाणे खाल्ले की नाही, याचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो बाळपणी सांध्यांच्या लवणीत पुरळ असण्याशी, ओलं आणि खपली धरणारं पुरळ असण्याशी, आणि त्या पुरळावर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावण्याशी. यातून लॅक यांनी एक मांडणी केली. तोंडावाटे, आतड्यांतून आलेलं अन्न शरीर ओळखीचं मानायला शिकतं. तेच अन्न फाटक्या कातडीतून आलं तर शरीर त्याला शत्रू ठरवतं. अन्न लेकराला कुठल्या वाटेने आधी भेटतं, यावर पुढचं नातं ठरतं.

ही मांडणी खरी असेल, तर त्या काळचा सल्ला घातक होता. ब्रिटनमध्ये १९९८ पासून आणि अमेरिकेत २००० पासून ॲलर्जीचा धोका असलेल्या घरांना सांगितलं जात होतं की मुलाला तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणा देऊ नका. घरातले इतर लोक मात्र तो खात, म्हणजे दाण्याचे कण गादीवर, हातांवर, धुळीत असणारच. तोंडाची वाट बंद आणि कातडीची उघडी. २००८ मध्ये लॅक यांच्या गटाने ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू शाळकरी मुलांची तुलना केली. वंश बराचसा एक, पण इस्रायलमध्ये बाळांना सहा-सात महिन्यांपासूनच बाम्बा नावाचा शेंगदाण्याचा कुरमुरीत खाऊ मिळतो. शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के होती, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. त्यानंतर लॅक यांनी खरी परीक्षा घेतली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं निवडली. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा दिला, अर्ध्यांना पूर्ण वर्ज्य केला. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयात वर्ज्य गटात १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. पुढे ही मुलं किशोरवयात आली, मधल्या काळात दाणे आवडीनिवडीप्रमाणे खात राहिली, तरी फरक टिकला, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. वैद्यकाच्या इतिहासात अधिकृत सल्ला इतका थेट उलटा फिरल्याची उदाहरणं थोडी आहेत.

कातडीची वाट मोठ्यांनाही लागू पडते, हे जपानने अनपेक्षितपणे दाखवलं. तिथल्या चेहऱ्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाचं, रासायनिक प्रक्रियेने तोडलेलं प्रथिन घातलेलं होतं. तो रोज चोळणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना, बहुतेक स्त्रियांना, गव्हाची ॲलर्जी झाली. ज्यांनी आयुष्यभर पाव आणि उदोन शेवया खाल्ल्या, त्यांच्या पापण्या सुजू लागल्या, काहींना जीवघेणे झटके आले. २०११ मध्ये साबण बाजारातून मागे घेतला. वापर थांबल्यावर अनेकांची ॲलर्जी हळूहळू उतरत गेली.

आपल्या घरांकडे या नजरेने पाहिलं पाहिजे. तान्ह्या बाळाला डाळीचं पीठ, साय, हळद लावून न्हाऊ घालायची रीत महाराष्ट्रात अजून चालते. धडधाकट कातडीच्या बाळाला त्याने काही होत नसेल. पण इसबाने चिरलेल्या कातडीवर हरभऱ्याचं पीठ आणि दूध चोळणं म्हणजे अन्नातली प्रथिनं चुकीच्या वाटेने आत ढकलणं, असं वरच्या सगळ्या पुराव्यावरून मी म्हणेन. हरभरा निरुपद्रवी नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ मध्येच तो भारतीय उपखंडातला महत्त्वाचा ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचं दाखवलं होतं. पीठ कातडी खरवडतं ते वेगळंच. मोहरीचं तेलही कोवळ्या कातडीच्या थराला इजा करतं. नारळाच्या तेलाचा अनुभव बरा आहे. आणि न्हाणीनंतर धुरी देण्याचा प्रकार तर इसब असलेल्या, दम्याच्या घरातल्या बाळाच्या बाबतीत ताबडतोब थांबवावा. ओव्याचा असो की धुपाचा, धूर तो धूर.

आता वाटचालीवर एक प्रश्न विचारायला हवा, कारण आईवडिलांची झोप त्यानेच उडते. इसब झालेलं प्रत्येक मूल या वाटेने जातं का? नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या दोन मोठ्या अभ्यासांतल्या सुमारे ९,८०० मुलांच्या जन्मापासून अकराव्या वर्षापर्यंतच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. इसब, छातीची घरघर आणि नाकाची ॲलर्जी यांपैकी काही ना काही निम्म्या मुलांना होतं. पण इसब, मग घरघर, मग नाक असा पुस्तकी क्रम धरून चालणारी मुलं एकूणांत फक्त ३.१ टक्के निघाली. नुसतं इसब होऊन पुढे काहीच न झालेली मुलं १५ टक्के होती, म्हणजे वाटचालवाल्यांच्या जवळजवळ पाचपट. उरलेल्यांच्या वाटा नाना तऱ्हेच्या: कुणाला इसबाबरोबरच घरघर, कुणाला इसब आणि खूप उशिरा नाक, कुणाला आयुष्यात फक्त शिंका. हजारो मुलांची सरासरी काढली की एक सरळ रांग दिसते. एकेका मुलाचा माग घेतला की ती रांग विस्कटते.

मग धोका कुणाला? अनेक अभ्यास एकत्र केले तर लहानपणी इसब झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला पुढे दमा होतो. हा आकडा मुख्यतः दवाखान्यात येणाऱ्या आणि जास्त आजारी मुलांनी वर ओढलेला आहे. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाने फरक नेमका दाखवला. वर्षाच्या वयात ज्यांना इसब होतं आणि शिवाय एखाद्या पदार्थाविरुद्ध शरीर चेतलेलंही होतं, त्यांना तिसऱ्या वर्षी दम्याचा धोका खूप जास्त होता. नुसतं इसब असलेल्यांना तो लक्षणीय वाढलेला दिसला नाही. लवकर सुरू झालेलं, तीव्र, टिकून राहणारं इसब आणि सोबत अन्नाची ॲलर्जी, आईवडिलांपैकी कुणाला दमा. हे सगळं जुळलं तर जपून असावं. गालावर दोन चट्टे उठून वर्षभरात गेलेल्या बाळाच्या आईने दम्याच्या चिंतेत एक रात्रही घालवू नये. भारतात तर मुळात प्रमाणच कमी आहे. पुणे, अकोला, मुंबई अशा केंद्रांसह जगभर झालेल्या आयझॅक या पाहणीत भारतीय शाळकरी मुलांत इसबाची लक्षणं तीन टक्क्यांच्या आसपास आढळली होती.

भिंत कच्ची आहे हे कळल्यावर एक सोपी आशा निर्माण झाली. जन्मल्यापासून रोज मॉइश्चरायझर लावलं तर इसबच होणार नाही, आणि पुढचं काहीच होणार नाही! जपानमधल्या एका छोट्या चाचणीने ही आशा वाढवली. मग ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला तो निराशेचा: दोन वर्षांच्या वयात मलम लावलेल्यांत २३ टक्क्यांना इसब, न लावलेल्यांत २५ टक्क्यांना, आणि कातडीचे संसर्ग मात्र मलमवाल्यांत थोडे जास्त. नॉर्वे-स्वीडनच्या चाचणीतही फायदा दिसला नाही. नाक मुरडावं असा हा निकाल नाही. इसब झाल्यावर मॉइश्चरायझर हवंच. पण निरोगी बाळाला महागडी क्रीमं चोपडण्याची जाहिरात करणाऱ्यांना हा पुरावा दाखवायला हवा.

इसब झाल्यावर लगेच आणि पुरेपूर बरं केलं तर? इथे जपाननेच पुन्हा वाट दाखवली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तान्ह्या बाळांच्या दोन गटांपैकी एकाला नेहमीसारखा, दिसेल तिथे मलम असा उपचार दिला. दुसऱ्याला स्टेरॉइडचा जोरकस, ठरवून दिलेला उपचार. २८ आठवड्यांच्या वयात अंड्याची ॲलर्जी पहिल्या गटात ४१.९ टक्के, दुसऱ्यात ३१.४ टक्के. कातडी बरी करून अन्नाची ॲलर्जी टाळता येते, याचा हा थेट पुरावा. 'दाबलं तर आत जाईल' या समजाला याहून सरळ उत्तर नाही. त्याच चाचणीत जोरकस उपचाराच्या बाळांची उंची आणि वजन किंचित कमी भरलं, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. औषध लागतं, आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवायची असते. कातडी लवकर बरी करून पुढचा दमाही टाळता येतो का, हे मात्र अशा चाचण्यांनी अजून सिद्ध झालेलं नाही.

घरी करायचं ते फार अवघड नाही. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ, उग्र साबण नाही, अंग टिपून घेतल्यावर ओलसर कातडीवर लगेच भरपूर, बिनवासाचं मॉइश्चरायझर. मलमाचा अंदाज बोटाने घ्यावा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकं मलम साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि तळहाताएवढ्या दोन जागांना पुरतं. सौम्य स्टेरॉइड डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर कातडी पातळ होत नाही. ज्याला घाबरलंच पाहिजे ते औषध दुसरंच आहे: स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र कोंबलेलं, 'खाजेवरची ट्यूब' म्हणून दुकानातून सरळ मिळणारं मलम. त्यात बहुधा फार तीव्र स्टेरॉइड असतं आणि ते बाळाच्या गालावर महिनोन्‌महिने चोळलं जातं.

दुसरा सापळा तपासणीचा. रक्ताच्या एका नमुन्यात साठ-सत्तर पदार्थांची आय.जी.ई. मोजून देणारे 'ॲलर्जी पॅनेल' आता गावोगावी मिळतात, आणि त्यात आठ-दहा पदार्थांपुढे खूण आली की दूध, गहू, अंडं, दाणे, सगळं बंद होतं. रक्तात आय.जी.ई. सापडणं आणि ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो पदार्थ मूल विनातक्रार खातं, तो केवळ अहवालामुळे तोडला तर नुकसान दुहेरी होतं. वाढ खुंटते, आणि आतड्यांची ओळख तुटून काही मुलांना तोच पदार्थ पुन्हा दिल्यावर खरीखुरी, गंभीर ॲलर्जी उलटते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या अभ्यासात इसब असलेल्या बाळांना इसब नसलेल्यांच्या अकरापट शेंगदाण्याची ॲलर्जी आढळली, म्हणजे सावधपणा हवाच. पण तो वेगळ्या तऱ्हेचा. इसब तीव्र असेल किंवा अंडं खाऊन गांधी उठल्या असतील, तर डॉक्टरांना दाखवून मगच पहिला दाणा द्यावा. सौम्य इसबाच्या बाळाला उष्टावणानंतर बारीक वाटलेलं दाण्याचं कूट पातळ पेजेत मिसळून, नीट शिजवलेलं अंडं थोडं थोडं, लवकर सुरू करावं आणि सुरू ठेवावं. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत कधीच नाही. तो श्वासनलिकेत अडकतो.

आणि मूल तीन-चार वर्षांचं झालं, अंग स्वच्छ झालं, तरी त्या पहिल्या वर्षाची आठवण डॉक्टरांना सांगायची असते. लहान मुलांची छाती सर्दीबरोबर पुष्कळदा वाजते आणि बहुतेकांची पुढे आपोआप थांबते, त्यामुळे खरा दमा कुणाला होणार हे ओळखणं कठीण. अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या मुलांच्या अभ्यासातून २००० साली यासाठी एक मोजपट्टी तयार झाली. छाती वारंवार वाजणाऱ्या मुलात दोन गोष्टींना त्यात सर्वाधिक वजन आहे: आईवडिलांना दमा असणं, आणि डॉक्टरांनी निदान केलेलं इसब. त्यांच्या खाली नाकाची ॲलर्जी, सर्दी नसतानाही येणारी घरघर आणि रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असणं. रात्रीचा खोकला, हसल्या-पळाल्यावर लागणारी धाप, पहाटेच्या शिंका, सतत चोळलेले डोळे यांतलं काही दिसलं तर बाळपणीच्या चट्ट्यांचे फोटो मोबाइलमध्ये असतील ते दाखवावेत. इनहेलर लवकर सुरू करायचं की वाट पाहायची, हा निर्णय अनेकदा तेवढ्या माहितीवर फिरतो.